सांधा

बार्शीच्या आमच्या घराची फरशी बदलायची, हे आईने ती फरशी बसली त्याच वर्षी ठरवलं होतं. पैसे मात्र गेल्या वर्षी आले, म्हणजे माझ्या नोकरीतून.

घरात सगळीकडे शहाबादी. सोलापूरच्या पुढे, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे, तिथला हा चुनखडीचा दगड. अण्णांनी घर बांधलं तेव्हा आमच्याकडे दुसरा विचार सहसा कुणी करायचं नाही. स्वस्त, टणक, आणि मे महिन्यात दुपारी उघड्या अंगाने आडवं व्हावं इतकी गार. पण तिचं कौतुक करणारे बहुतेक पुरुषच असतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पुसताना फडकं अडकतं. तेल सांडलं की डाग मुरतो. आणि सांधे! दर दीड फुटावर सिमेंटचा सांधा. सिमेंट उडालं की त्यात पीठ, पिठाला मुंग्या. आई जुना टूथब्रश घेऊन ते सांधे घासत बसायची. तिची अट एकच होती : "रंग कुठला पण घे, सांधा नको."

मी एक्सेल शीट केली. माझ्यासारख्या माणसाला दुसरं काय सुचणार? दर, जाडी, पाणी किती शोषते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून तिच्यात डाग मुरत नाही. साधी सिरॅमिक बरंच जास्त पिते. शेवटी ८०० बाय १६०० मिलिमीटरची, संगमरवराची छपाई असलेली, आरशासारखी चकचकीत हस्तिदंती टाइल ठरली. मोठी टाइल, म्हणजे सांधे कमी. आईने फोटो मावशीला पाठवला. ॲडव्हान्स द्यायचा तेवढा राहिला होता.

त्याच महिन्यात अण्णा तपासणीसाठी पंधरा दिवस माझ्याकडे वाकडला आले. त्यांना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झालीत. बार्शीत ते हळू का होईना, पण चालायचे. माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मात्र हॉलच्या मधोमध थांबायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मी हात धरून ओढायचो (तसं कधी करू नये, हे नंतर कळलं), ते वैतागायचे, मीही वैतागायचो. एकदा रात्री बाथरूमच्या वाटेवर ते असेच थिजले, आणि व्हायचं ते होऊन गेलं. फरशी पुसताना ते मला "सॉरी" म्हणाले. अण्णांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

आजार वाढला, असं मी धरून चाललो. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सगळं ऐकून विचारलं, "गावाकडे फरशी कसली आहे?"

मग त्यांनी चिकटपट्टीचे तुकडे जमिनीवर आडवे लावले, शिडीच्या पायऱ्यांसारखे. अण्णांनी एकेक पट्टी ओलांडली आणि सरळ चालत गेले. आपण चालतो ते विचार न करता. मेंदूतली ती आपोआप चालणारी यंत्रणाच या आजारात बिघडते. पण समोर ओलांडायला काही दिसलं की चालणं ही ठरवून करायची गोष्ट होते, आणि मेंदू दुसरी वाट वापरतो. सगळ्यांना याचा उपयोग होत नाही, अण्णांना झाला. शहाबादीच्या काळपट निळ्या दगडांमधले ते फिकट सांधे ते चार वर्षं मोजत होते. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एका मशीनवर चालणारं दुसऱ्यावर का चालत नाही, यावर मी ऑफिसात रोज डोकं फोडतो. घरी मला तो प्रश्न पडलाही नाही.

आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे सांधे माझ्या नशिबातनं जात नाहीत."

मला तिला हे ऐकवायचं नव्हतं.

दुकानात आम्ही पुन्हा गेलो, यावेळी तिला घेऊन. घसरण मोजणारे आर-९ ते आर-१३ असे आकडे असतात, ते मी तिला समजावत होतो. ती चाचणी तेल टाकलेल्या उतारावर बूट घालून करतात. अनवाणी पायांची वेगळी असते. आईने चपला काढल्या, बाटलीतलं पाणी नमुन्याच्या टाइलवर ओतलं आणि त्यावर उभी राहिली. चकचकीत टाइल तिनेच बाद केली. "यावर पाणी सांडलंय का नाही ते तरी दिसतंय का?" तिने मॅट, फिकट बदामी रंगाची दोन बाय दोन घेतली, केस आणि धूळ दोन्ही फारसं दिसू न देणारी. सांध्यात इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पीठ आणि तेल मुरणार नाही.

आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, टाइल कापून दर सोळा इंचांवर काळ्या कडप्प्याची दोन इंची पट्टी. सोळा इंच हे अण्णांचं पाऊल. आम्ही आधी चिकटपट्टी लावून आठवडाभर बघितलं होतं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, लोक सांधा लपवायला पैसे देतात. तुम्ही दाखवायला देताय." पण पट्ट्या त्यांनी अशा बसवल्या की बोट फिरवलं तरी उंचवटा लागत नाही.

चूक झाली ती माझ्या मापात. शेवटची पट्टी बाथरूमच्या दारापासून दोन फूट अलीकडे संपते. दारात पाय थिजण्याची शक्यता जास्त, हे मॅडमनी सांगूनही मी दार धरलंच नव्हतं. तिथे आम्ही पांढरी चिकटपट्टी लावली आहे. पाण्याने तिची कड सुटते. दर रविवारी आई जमीन पुसून कोरडी करते, गुडघ्यावर बसते आणि नवी लावते. अण्णा पलंगावर बसून सांगतात, "जरा डावीकडे."