मोगऱ्याचं आवर्तन

वैशाख सुरू झाला की नातेवाइकांचे फोन येतात. "काय म्हणतंय कोपरगावचं ऊन?" ऊन काय म्हणणार! चाळीस-बेचाळीस म्हणतं. दुपारी बारा ते पाच आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. पण खरं सांगू का, वर्षातले माझे सगळ्यात आवडते दिवस हेच. चैत्राच्या मध्यापासून ते मृगाचा पाऊस येईपर्यंत आम्ही दोघं घरात राहतो कुठे? पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी सहा ते डोळे मिटेपर्यंत आमचा मुक्काम अंगणात. मधला वेळ घर नावाच्या भट्टीत कसाबसा काढायचा.

अंगण म्हणजे फार काही नाही. पंधरा बाय पस्तीस फुटांची पट्टी. घराच्या पूर्वेला असल्यामुळे दुपारनंतर घराचीच सावली पडते, हा त्याचा मोठा गुण. फाटकावर बोगनवेल, तिला पाणी नाही दिलं तरच ती खुश. कोपऱ्यात पांढरा चाफा. चैत्रात अंगावर धड पान नसतं आणि फुलं मात्र ओंजळभर! दोन जास्वंदी, एक गावठी गुलाब, आणि सदाफुली... ती लावावी लागत नाही, फरशीच्या फटीतूनही उगवते. तीन कुंड्यांत मे फुलाचे कंद आहेत. अकरा महिने कुंडीत काही आहे याची आठवणही राहत नाही, आणि मे महिन्यात अचानक तांबडा चेंडू वर येतो. आणि पार टोकाला, भिंतीलगत, मोगऱ्याची सात झाडं. चार साधा मोगरा, दोन मदनबाण, एक बटमोगरा.

आता या सातांना पाणी कसं मिळतं ते सांगायला हवं, कारण आमच्या बागेची खरी गंमत तीच आहे.

आमचे हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी पाटाच्या कडेने गेली. बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडं सांगते. आमच्याकडचं पाणी वर नाशिक जिल्ह्यातल्या दारणा, गंगापूर या धरणांतून येतं. ते नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात अडवतात आणि तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. इंग्रजांच्या काळातली, शंभर वर्षांपलीकडची ही व्यवस्था. (त्या बंधाऱ्याचं पाणथळ आता पक्ष्यांमुळे जगाच्या यादीत गेलंय. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं.) कालव्याला पाणी बारमाही नसतं, ठरावीक दिवस सोडतात आणि बंद करतात. त्या एका खेपेला म्हणतात आवर्तन. आमच्या गावाचं पिण्याचं पाणीही या आवर्तनावरच. येसगावचे साठवण तलाव भरले तर गाव पिणार. गेल्या कित्येक उन्हाळ्यांत नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी आलेलं आम्ही पाहिलंय. लेकी-सुना माहेरी-सासरी निघाल्या की आधी विचारतात, "पाणी कधी येणार आहे?" मग तिकीट काढतात.

तर निवृत्तीनंतर यांनी अंगणाचाच कालवा केला. एक वही घातली. तीत झाडांची नावं, पाळीचे वार, बादल्या. सोमवारी गुलाब, गुरुवारी जास्वंदी, मोगऱ्याला एक दिवसाआड. मी चुकून कुणाला तांब्याभर जास्त ओतलं तर म्हणायचे, "नमुना नंबर सात भरलाय का?" शेतकऱ्याने पाण्याची मागणी करायचा तो अर्ज! मी चाळीस वर्षं वर्गात पोरांना नियम शिकवले, पण असा नियमवाला विद्यार्थी मला मिळाला नाही.

त्यांचा आणखी एक नियम आहे. पाणी आधी टोकाला, मग डोक्याला. म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला आधी द्यायचं आणि वर वर येत जायचं. कारण वरच्यांना आधी दिलं की खाली काही पोचतच नाही. मोगरा आमच्या अंगणाच्या टोकाला, म्हणून पहिली बादली त्याची. मी एकदा म्हटलं, "अहो, इथे आपणच दोघं, कोण कुणाचं पाणी चोरणार?" तर म्हणाले, "हात दमतात. दमलेला माणूस शेवटच्या झाडापर्यंत जात नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि हे पाणी तरी कुठलं? नळाचा थेंबही झाडांना नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. तांदूळ-डाळी, भाज्या धुतलेलं पाणी, माठ विसळलेलं पाणी मोगऱ्याला. भांड्यांचं, साबणाचं मोरीमागच्या कर्दळीला आणि अळूला. फिल्टरच्या नळीतून वाहून जाणारं पाणी दिसायला स्वच्छ, पण क्षार सगळे त्यातच उतरलेले. ते लादी पुसायला. मोगरा आधीच आमच्या मातीवर नाराज असतो. काळी, चुनखडीची जमीन. पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग चिमूटभर हिराकस घालायचा की आठ-पंधरा दिवसांत रंग येतो. आणि गंमत ऐका, चिरंजीवांनी आमच्या आग्रहाविरुद्ध बेडरूममध्ये एसी बसवला, "आता या वयात बाहेर कशाला झोपता" म्हणून. त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी अगदी पावसासारखं, क्षार नसलेलं! नातवंडं सुट्टीत आली की रात्रभर एसी चालतो आणि सकाळी बादली भरलेली असते. त्या दिवसांत मोगऱ्याची चंगळ.

खरं तर मोगऱ्याला उपाशी ठेवल्याशिवाय तो फुलत नाही. जानेवारीत छाटायचा, पाणी तोडायचं, तीन-चार आठवडे बघायचंही नाही. मग खणून शेणखत घालून पाणी सुरू करायचं. याला ताण देणं म्हणतात. आमच्या राहात्याकडचे पेरूवालेही असाच ताण देऊन बहर धरतात. पोरांनाही असाच ताण द्यायला हवा म्हणणारे पालक मला नोकरीत बरेच भेटले. झाड निराळं, पोर निराळं, एवढंच मी त्यांना सांगायची.

राहात्यावरून आठवलं. इथून शिर्डी पंधरा-सोळा किलोमीटर. सगळं जग तिथे दर्शनाला येतं, पण साईबाबा सुरुवातीच्या काळात माळीकाम करत, हे किती जणांना ठाऊक असतं? दाभोलकरांच्या साईसच्चरितात आहे. राहात्याहून जाई, जुई, झेंडूची रोपं आणून त्यांनी एका पडीक जागेत लावली. वामन तात्या त्यांना रोज दोन कच्चे घडे द्यायचे. न भाजलेले! विहिरीचं पाणी काढून त्या घड्यांनी झाडांना घालायचं आणि संध्याकाळी घडे निंबाखाली ठेवायचे. कच्चेच ते, फुटून जायचे. दुसऱ्या दिवशी नवे दोन. असं तीन वर्षं चाललं म्हणतात. आज तिथे समाधी मंदिर आहे. कच्च्या घड्याने पाणी वाहायचं म्हणजे हळू चालावं लागणार, धक्का लागू द्यायचा नाही, आणि फार भरायचाही नाही. बादली उचलताना मला हे नेहमी आठवतं. गुडघ्यांमुळे माझीही चाल आता तशीच झालीय.

२०१६ चा उन्हाळा मात्र विसरता येत नाही. लातूरला रेल्वेने पाणी नेत होते. टीव्हीवर रोज तेच. एक दिवस शेजारच्या वहिनी फाटकातून म्हणाल्या, "बाई, लोकांना प्यायला नाही आणि तुमचा मोगरा बरा फुलतो." रागाने नाही म्हणाल्या, पण लागलं. रात्री यांना म्हटलं, बंद करू या सगळं. यांनी वही काढली. गुलाबावर रेघ, कुंड्यांवर रेघ. सात मोगऱ्यांना मिळून तांदळाच्या धुवणाची एक बादली ठेवली. म्हणाले, "हे पाणी कुणाच्या तोंडचं नाही." गुलाब त्या वर्षी गेला. आत्ता आहे तो नंतरचा. वहिनींना मी रोज पाच कळ्या पाठवायला लागले, त्यांनी कधी परत केल्या नाहीत. फुलं लावणं ही चैन आहे का, यावर पुष्कळ विचार केला. नळाचं पाणी घातलं असतं तर होती, असं माझं मत. जे पाणी आपण मोरीत सोडून देतो त्याच्यावर फूल येत असेल तर तक्रार कुणी कुणाकडे करायची?

हेच भांडण मोठ्या प्रमाणावर चालतंच. आम्ही नाशिककडे बोट दाखवतो, वर शहर वाढतंय आणि पाणी पितंय म्हणून. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडलं तेव्हा इकडे केवढा आरडाओरडा! हे शांतपणे म्हणाले, "आपण नाशिकचं टोक, आणि पैठणवाल्यांच्या डोक्यावर." असो.

संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. पाचला कळ्या काढायच्या, उमलण्याआधी. त्यातल्या चार-पाच माठात. मग फरशीवर बादलीभर धुवणाचा सडा. पहिला वाफारा जातो आणि हळूहळू गारवा येतो. बाज बाहेर येते, कडुलिंबाचा धूर, पिठलं-भाकरी, कैरीची चटणी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका याच अंगणात बसतात. डाळ-पन्हं आणि प्रत्येकीला मूठभर मोगरा. पूर्वी भारनियमनामुळे सगळी गल्ली बाहेर असायची, गप्पा घराघरातून पुढे जायच्या. आता इन्व्हर्टर आणि एसीने माणसं आत नेली. साडेआठला गल्लीत आमची एकच बाज.

मागच्या पावसाळ्यात हे याच अंगणात घसरले. आमची काळी माती उन्हाळ्यात एवढी भेगाळते की फूटपट्टी उभी आत जाते आणि पावसात साबण होते. मनगट मोडलं. तेव्हापासून चिरंजीवांचं टुमणं, पेव्हर ब्लॉक टाकू. त्याचं चुकतं असंही नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, माझे गुडघे, आणि त्याला गाडीही आत लावता येईल. महिनाभर फोनवर बोलणी झाली. शेवटी यांनी खडूने रेघ मारली. भिंतीलगतचे चार फूट मातीचे राहतील, मोगरा आणि चाफा वाचला. मे फुलाच्या कुंड्या पायरीवर जातील. गुलाब शेजारच्या वहिनींनी मागून घेतलाय. जास्वंदी मोठ्या आहेत, या उन्हात हलवल्या तर जगणार नाहीत. त्यांच्या फांद्या मी पिशव्यांत लावल्यात, दोनांना फूट आलीय.

ब्लॉकवाला शनिवारी येणार आहे. गुरुवारी जास्वंदीची पाळी होती. हे सकाळी बादली घेऊन निघाले तेव्हा मी काही बोलले नाही. वहीत तशी नोंद आहे, दीड बादली.