चादरींच्या घड्या

माझे थोरले बंधु अण्णा यांच्या पित्ताशयांत खडे झाले असून शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें, तेव्हां आम्हां घरच्यांस जी भीति वाटली ती शस्त्राची नव्हती, भुलीची होती. सहा वर्षांपूर्वीं परगांवीं एका लहानशा शस्त्रक्रियेसाठीं त्यांना भूल दिली. पण श्वासनलिकेंत नळी जाईना, म्हणून जागें करून तसेंच परत पाठविलें. पुढच्या वेळीं हें अगोदर सांगा, असें बजावून तेथील डॉक्टरांनीं एक चिठ्ठीही दिली होती. ती आमच्या हातून हरवली, आणि चारचौघांत "मुहूर्त टळला" एवढेंच आम्ही सांगत राहिलों.

आम्ही टाळगांव चिखलीचे. अण्णांनीं भोसरीच्या एका कारखान्यांत हिशेबनिसी करीत हयात घालविली. देह स्थूल, मान आंखूड, आणि घोरणें असें कीं शेजाऱ्यांनीं भिंतीला कान लावण्याची गरज नाहीं! शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं भूलतज्ज्ञ बाई आल्या. वयानें माझ्या मुलीएवढ्या. त्यांनीं अण्णांस तोंड उघडावयास लावलें, मान मागें वांकवून पाहिली, आणि विचारलें, "पूर्वीं भुलीच्या वेळीं कांहीं अडचण आली होती का?" अण्णांनीं मला डोळ्यांनीं खुणावलें. उतारवयांतही माणसास कमीपणा नको असतो. क्षणभर मी गप्प राहिलें. मग सारें सांगून टाकलें. अण्णा रागावले.

बाई मात्र शांतपणें म्हणाल्या, "काकू, हें आज कळलें तें बरें झालें. उद्यां हे बेशुद्ध झाल्यावर कळलें असतें. घरीं हे निजतात कसे?"

"पाठीशीं लोड, वर दोन उशा."

"मग आम्हीही तसेंच निजवूं. चार चादरी द्या पाहूं."

मीं घड्या घालून दिल्या. बाईंनीं त्या अण्णांच्या पाठीखालीं, खांद्यांखालीं व डोक्याखालीं पायरीपायरीनें रचल्या, आणि कानाचें छिद्र व छातीच्या हाडावरची खांच एका आडव्या रेषेंत आली तेव्हां त्या थांबल्या. स्थूल माणूस सपाट निजला कीं पोटाचा भार फुप्फुसांवर येतो व प्राणवायूचा सांठा कमी होतो. नुसतें डोकें उंच केलें तर हनुवटी छातीस टेकते आणि घशाची वाट दिसेनाशी होते. म्हणून हा उतार; आणि तो माणूस जागा असतांनाच करावयाचा, कारण बेशुद्ध देह घाईंत उचलणें अवघड. त्याच स्थितींत आधीं तीन मिनिटें प्राणवायु द्यावयाचा; भुलीनंतर श्वास थांबतो तेव्हां हीच शिदोरी पुरते.

मागाहून मीं याविषयीं वाचलें. १९३६ सालीं सर आयव्हन मॅगिल यांनीं या प्रसंगीं डोकें कसें असावें तें सांगतांना, सकाळची हवा हुंगणाऱ्या माणसाची उपमा दिली. २००१ सालीं फ्रान्समधील डॉक्टरांनीं ताडून पाहिलें, तेव्हां सर्वसाधारण रुग्णास तीपासून विशेष लाभ आढळला नाहीं. स्थूल व ताठ मानेच्या रुग्णांस मात्र आढळला. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशननें २०१६ सालीं मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. शीला नैनन मायात्रा तिच्या प्रमुख लेखिका. नळीचे प्रयत्न मर्यादित असावेत, मध्यंतरीं प्राणवायु चालूं ठेवावा, आणि अडचण आल्यास रुग्णास समजावून लेखी नोंद द्यावी, असें तींत आहे. आम्हीं हरवलेली चिठ्ठी म्हणजे तीच नोंद!

दुसरे दिवशीं शस्त्रक्रियागृहाच्या दाराशीं मी व वहिनी बसलों होतों. तासाभरानें बाई बाहेर आल्या. "पहिल्याच प्रयत्नांत नळी गेली," एवढेंच म्हणाल्या. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला.

जन्मभर मीं चादरींच्या घड्या घातल्या. त्यांचा असा उपयोग होईल हें ध्यानींमनीं नव्हतें. परंतु त्या घड्यांपूर्वीं एक खरें वाक्य बोलावें लागलें, हें विसरतां येत नाहीं. घोरणें, ताठ मान, हलते दांत, मागचा फसलेला प्रसंग, यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. या खेपेची नवी चिठ्ठी वहिनींनीं अण्णांच्या जन्मपत्रिकेशेजारीं ठेविली आहे. आणि तिची एक प्रत अण्णा स्वतः खिशांत बाळगतात.