अण्णांचं इन्सुलिन

मैत्रिणींनो, मार्च २०२० मधली ती रात्र मी विसरणार नाही. टाळेबंदी लागलेली, जिल्ह्याच्या सीमा बंद, आणि नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या आमच्या गावी अण्णांचं इन्सुलिन संपत आलेलं! आम्ही इथे लातूरला. ह्यांनी चार दुकानं पालथी घालून औषध आणलं. मी ते रुमालात गुंडाळून थर्मासमध्ये गार पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवलं. (बर्फाला चिकटू द्यायचं नाही हं! गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.) भाजीच्या टेम्पोवाल्यानं ते नांदेडपर्यंत नेलं, पुढे भावानं. पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. माझ्या डोळ्याला डोळा नाही.

म्हणून डिसेंबर २०२१ मधली पालघरची बातमी वाचून मी हातच जोडले. जव्हारहून झाप या आदिवासी गावी ड्रोननं करोनाच्या ३०० लशी पोचवल्या. रस्त्यानं पाऊण तासाची वाट, ड्रोनला दहाएक मिनिटं! लस २ ते ८ अंशांत राखावी लागते. वाटेतला वेळ वाचला की तेवढा घोर कमी.

शाळेत हे सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, पण टोचणार कोण?"

खरंच की! त्याला नर्सबाई हव्यात, घरोघर समजावणाऱ्या आशाताई हव्यात. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून आगगाडीनं लातूरला पाणी आलं, तेव्हाही शेवटची घागर आपणच उचलली ना?

आमच्या गावी ड्रोन येईल तेव्हा येवो. तोवर एक जास्तीची बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायला मी वहिनीला बजावलंय. तुमच्याही घरी बघा बरं!