जागलीचे गाणे

टेक्सासातील एका लहानशा गावी, शनिवारच्या रात्री दहावीस माणसे गिटारी घेऊन जमत अशा एका बैठकीत, मी प्रथम ‘स्ट्रीट्स ऑफ लारेडो’ म्हटले, तेव्हा मरणोन्मुख तरुणाच्या तोंडच्या कडव्यांवर माझा आवाज कापू लागला, लय लांबली, आणि अखेरच्या कडव्याला तर मी डोळेच मिटून घेतले. टाळ्या पडल्या. परंतु ज्याचा सारा जन्म गुरांमागे गेला होता असा एक वृद्ध गृहस्थ, मी गिटार पेटीत ठेवीत असता जवळ आला आणि म्हणाला, “गळा चांगला आहे तुझा, पोरा, पण असं गायला असतास तर माझी गुरं उधळली असती.”

त्या वाक्याचा अर्थ पुरता उमगण्यास मला पुष्कळ वर्षे लागली. १८६७ साली कॅन्ससमधील ॲबिलीन येथे गुरांची पेठ उघडली, तेव्हापासून सुमारे वीस वर्षे, टेक्सासच्या मुलखातून दोन-दोन, तीन-तीन हजार लांबशिंगी गुरांचे कळप, दहाबारा स्वारांच्या बंदोबस्तात, दिवसाकाठी दहापंधरा मैलांची मजल करीत उत्तरेस हाकले जात. रात्री कळप बसला की दोन स्वार जागलीवर निघत, परस्परांच्या उलट दिशेने त्याभोवती संथ फेर धरीत आणि पाळी संपेपर्यंत हलक्या आवाजात गात राहत. काटकी मोडली, वीज चमकली, घोड्याने अंग झाडले, एवढ्यानेही ते जनावर बुजे. आणि एक उठले की हजारो उधळत. अंधारात माणसाचा स्वर अखंड कानी पडत असला म्हणजे जवळून जाणारी सावली त्यांना ओळखीची वाटे. गाणे हा अशा रीतीने नोकरीचाच भाग होता, आणि या नोकरीची अट एकच होती, की स्वर अकस्मात चढता कामा नये. सोबत्याचे मरण, दूर राहिलेली आई, फसलेले प्रेम, काय सांगायचे ते खुशाल सांगावे. पण त्याच समपातळीच्या आवाजात सांगावे.

माझा कान घडला होता तो पोवाड्यावर. डफावर थाप पडताच अंगावर रोमांच उभे करणारे शाहीर मी लहानपणी गावच्या जत्रेत ऐकले होते, आणि कथागीत म्हटले की ते त्याच आवेशाने म्हणावयाचे असते, असे मी धरून चाललो होतो. परंतु शाहिराला सभा पेटवायची असते. जागल्याला कळप निजता ठेवायचा असतो. दोघेही मरणाचीच कथा सांगतात, पण दोघांच्या गळ्यांची शिस्त मुळातच निराळी.

ही शिस्त शब्दांतही उतरली आहे. काउबॉयचे जुने गीत मला नेहमी एखाद्या जबानीसारखे वाटते: मी कोठे होतो, काय पाहिले, तो काय बोलला, इतकेच. ‘लारेडो’चे मूळ आयर्लंड-इंग्लंडमधील एका जुन्या गीतात आहे, तेथे मरणारा तरुण बहुधा सैनिक असे, आणि त्याच्या अंत्ययात्रेत ढोल वाजणे रास्तच होते. गीत समुद्र ओलांडून आले, सैनिकाचा काउबॉय झाला, पण ढोल तसाच राहिला. गुराख्याला लष्करी इतमाम कोठला? तरीही कोणा गायकाला तो ढोल काढून टाकावासा वाटला नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. जॅक थॉर्पने अशी २३ गाणी १९०८ साली न्यू मेक्सिकोतील एस्टॅन्सिया येथे एका चोपड्यात छापली. १९१० साली जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह निघाला. ‘होम ऑन द रेंज’ची चाल लोमॅक्सला मिळाली ती सॅन अँटोनियोतील एका कृष्णवर्णीय माणसाकडून, जो पूर्वी गुरांच्या तांड्याबरोबर स्वयंपाकी म्हणून फिरला होता. या स्वारांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसे किती मोठ्या संख्येने होती, हे सिनेमाने लोकांना विसरावयास लावले, ही गोष्ट मला मनापासून खटकते. घोड्यावरून फास टाकण्याची विद्याच मुळी मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तेथील गुराख्यांकडून, आलेली.

याच परंपरेतले, गायक मार्टी रॉबिन्सचे ‘एल पासो’ १९५९ साली निघाले, आणि रेडिओच्या हिशेबाने फार लांब असूनही पुढच्या वर्षाच्या प्रारंभी देशभर पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातील कारागिरी मला हातात गिटार घेतल्यावर कळली. निवेदक आपला अपराध भूतकाळात सांगत असतो: मेक्सिकन तरुणीवरील प्रेम, मत्सर, गोळी, चोरलेला घोडा, पलायन, आणि तो परतून गावावरच्या टेकडीशी पोहोचतो, त्या ठिकाणी क्रियापद वर्तमानात शिरते, घडून गेलेले डोळ्यांदेखत घडू लागते, आणि सांगणाराच सांगता सांगता मरतो. चाल मात्र तीच, तीन मात्रांची. ग्रेडी मार्टिनची स्पॅनिश वळणाची गिटार ओळींमधल्या फटीतून बोलत राहते. नवशिका नेमका त्या वळणावर आवाज चढवतो. मी तेथे अंगठाही जड पडू देत नाही: खर्जाच्या तारेवर एक आघात, वरच्या तारांवर दोन हलके स्पर्श, पुन्हा खर्ज. काळ बदलल्याची वर्दी क्रियापदाने द्यावी. हाताने ती देऊ नये.

बॉबी जेंट्रीच्या १९६७ मधील ‘ओड टू बिली जो’मध्ये ना घोडा आहे ना बंदूक, तरी जागल तीच आहे. जेवणाच्या टेबलाशी बसलेले कुटुंब एका तरुणाच्या आत्महत्येची वार्ता बोलते, आणि त्याच दमात पदार्थ वाढले जातात, शेतीच्या कामाचे बोलणे निघते. त्या तरुणाने आधी पुलावरून खाली काय टाकले, हे गाणे सांगतच नाही. पन्नासहून अधिक वर्षे लोक तर्क करीत आहेत, आणि त्यामुळेच ते गाणे त्यांच्याजवळ राहिले आहे.

गेल्या शरदात एका स्नेह्याच्या रँचवर, सूर्य मावळल्यावर, मी तारेच्या कुंपणाशी उभा राहून थॉर्पचेच ‘लिटल जो, द रँगलर’ म्हटले. घर सोडून आलेला मुलगा, वादळी रात्र, उधळलेला कळप, आणि घोड्याखाली सापडलेला तो. पलीकडच्या गायींनी पहिल्या कडव्याला माना वर केल्या. मुलाच्या मरणाचे कडवे आले, मी श्वास जेथे घेतो तेथेच घेतला, आणि सर्वांत जवळच्या गायीचा एक कान तेवढा हलला. मग तिने पुढचे पाय दुमडले आणि ती सावकाश खाली बसली.