प्रथिनांचा ठावठिकाणा

पेशीविभाजनाच्या अभ्यासकाला एखादे प्रथिन पेशीत किती आहे एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या वेळी कोणत्या भागात आहे, हेही कळावे लागते. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवता येणाऱ्या पेशी, पुरवते. १९५१ मध्ये एका कर्करोगग्रस्त स्त्रीच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी ही अशीच एक जगप्रसिद्ध सेल लाइन. ३७ अंश सेल्सिअस तापमानात आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये या पेशी साधारण दिवसाभरात दुप्पट होतात. प्रत्यक्ष विभाजन मात्र त्यातील जेमतेम तासाभराचे असते.

या विभाजनाला चालना देणारे सायक्लिन बी-१ हे प्रथिन, फॉर्माल्डिहाइडने आहे त्या क्षणी थांबवलेल्या पेशींत, केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात साठलेले दिसते आणि ते तिथेच बसून असावे असा समज होतो. परंतु स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूंपासून मिळणारे लेप्टोमायसिन बी माध्यमात मिसळले, की केंद्रकातील प्रथिने बाहेर नेणारा सीआरएम-१ हा वाहक निकामी होतो आणि तेच सायक्लिन केंद्रकात गोळा होऊ लागते. ते सतत ये-जा करत होते, केवळ बाहेर पडण्याचा वेग अधिक होता, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. विभाजनाच्या तोंडावर त्याच्यावर फॉस्फेटचे गट जोडले जातात, तोल फिरतो आणि केंद्रकाचे आवरण विरण्याच्या थोडे आधी ते झपाट्याने आत शिरते.

ही हालचाल जिवंत पेशीत पाहण्यासाठी सायक्लिनला जेलीफिशमधील हिरव्या चकाकत्या प्रथिनाची जोड दिली जाते, आणि खरे कसब येथेच लागते. जोडप्रथिन प्रमाणाबाहेर तयार झाले तर त्याची जागा भरवशाची राहत नाही. लेसरचा प्रकाश प्रखर ठेवला तर चित्र सुरेख येते, पण डीएनएला इजा होऊन पेशी विभाजनच लांबणीवर टाकते, आणि निरीक्षकाने स्वतः घडवलेला विलंब पेशीचा स्वभाव म्हणून नोंदला जातो. म्हणून जाणकार हात मंद प्रकाशात, काही मिनिटांच्या अंतराने एकेक प्रतिमा घेतो, चित्राचा धूसरपणा पत्करतो आणि प्रकाश न दाखवलेल्या पेशी वेळेवर विभागतात ना, हे शेजारच्या डिशमध्ये तपासतो.

या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्थिर चित्रावरून निष्कर्ष काढण्याआधी एक तरी जिवंत पेशी, तिच्या दोन होईपर्यंत, धीराने पाहावी.