पंपावरचा आरोप

यंत्र बंद पडले की भोवती जमलेल्या माणसांना पहिल्या पाच मिनिटांतच आरोपी सापडलेला असतो. पुरावा मागाहून गोळा होतो. आणि आरोपी बहुधा त्या यंत्रातला सर्वांत महाग भाग असतो. न्यायालयात वावरणाऱ्याला ही घाई परिचयाची आहे. पण तिचे अगदी निर्भेळ उदाहरण मी पाहिले ते देवळाच्या तळीत.

गेल्या वैशाखात आमच्या देवस्थानाच्या तळीतला गाळ काढावयाचे ठरले. पायऱ्या जांभ्या चिऱ्यांच्या. मोठे पोकलेन उतरविले असते तर गाळाबरोबर त्याही बाहेर आल्या असत्या. म्हणून मातीचा उतार घालून, वर फळ्या टाकून, रबरी पट्ट्यांवर चालणारा एक लहान लोडर भाड्याने आणला. या जातीच्या यंत्राचा मूळपुरुष १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रॉथसे या गावी जन्मला. सिरिल आणि लुई केलर या दोघा कारागीर बंधूंनी तो एका टर्कीपालकाच्या कोठारातील घाण खांबांमधून फिरून काढता यावी म्हणून घडविला. तेव्हा त्याला चाके होती, तीही तीनच. पुढे चाकांच्या जागी पट्टेही आले. वजन पसरले, आणि मऊ जमिनीत रुतण्याचे भय कमी झाले. उजव्या-डाव्या पट्ट्यांना वेगवेगळे पंप तेल पुरवितात. एक पट्टा पुढे व दुसरा मागे चालविला की यंत्र जागच्या जागी गिरकी घेते. तळीच्या कोपऱ्यांत त्याची ती गिरकी पाहण्यासाठी शाळकरी मुलांची दाटी होत असे.

चौथ्या दिवशी दुपारी ते थांबले. इंजिन धडधडत होते, पण पट्टे हलेनात; बाहू अर्ध्यावर उचललेले आणि बादली गाळाने भरलेली. यंत्र देणाऱ्या माणसाने दूरध्वनीवरूनच निकाल दिला, ‘पंप गेला.’ करारात ‘कामाच्या जागी झालेली मोडतोड भाड्याने घेणाराकडे’ असे कलम होते, आणि ते वाचण्यासाठी मला बोलावणे आले. नव्या पंपाचा सांगितलेला खर्च तळीच्या साऱ्या कामाच्या अंदाजाला जाऊन भिडत होता. गोव्यातील देवस्थानांचा कारभार आजही १९३३ सालच्या नियमावलीने बांधलेला आहे. मंजूर अंदाजपत्रकाबाहेरचा पैसा कोणी एक महाजन खिशात हात घालावा तसा काढू शकत नाही. मृग तीन आठवड्यांवर आला होता. तळी अर्धी उपसलेली; मासे शेजारच्या विहिरीत ठेवलेले.

फोंड्याहून मेस्त्री आला. त्याने पंपाकडे पाहिलेही नाही. त्या टांगलेल्या बादलीच्या सावलीत दोन मजूर पेज खात बसले होते. त्यांना आधी उठविले, इंजिन बंद केले, मग बाहू उतरविण्यासाठी असलेली हाताची गुंडी वापरून बादली जमिनीवर टेकविली. तेलाच्या दाबावर उभी असलेली वस्तू उभी आहे असे समजू नये, एवढेच तो म्हणाला. हा दाब विलक्षण असतो. नळीला सुईएवढे छिद्र पडले तरी तेथून निघणारी तेलाची धार कातडीत शिरते. वरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि तरी रोग्याला तत्काळ शस्त्रवैद्याकडे न्यावे लागते. म्हणून तो गळती हाताने चाचपत नव्हता, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहत होता. पुठ्ठा कोरडा राहिला. तेलाची पातळी बरोबर होती.

त्याचा युक्तिवाद मला एखाद्या जुन्या न्यायाधीशाला शोभेलसा वाटला. पट्ट्यांचे पंप वेगळे, बाहूंचा वेगळा. तिघेही एकाच क्षणी कसे मरतील? तेव्हा शोधावयाचे ते तिघांना समान असलेले कारण. तेल झाले, उरली वीज. चालकाच्या आसनासमोर एक आडवा दांडा असतो. तो खाली घेतल्याखेरीज, म्हणजे माणूस जागेवर नीट बसल्याखेरीज, हे यंत्र पट्टेही हलवीत नाही आणि बाहूही. दांडा खाली आला की विजेचा इशारा जातो आणि तेलाची वाट उघडणारी झडप ‘टक्’ असा आवाज करते. मेस्त्रीने इंजिन न लावता चावी फिरविली, दांडा पाडला, कान दिला. आवाज नाही. झडपेच्या गुंडाळीपाशी त्याने पेचकसाचे टोक नेले; वीज असती तर ते खेचले गेले असते. खेचले गेले नाही.

‘पंप बरो आसा,’ तो म्हणाला, ‘ताका हुकूमच पावना.’

आसनाखाली पत्र्याच्या धारेवर घासून एक तार सोललेली होती. आतले तांबे हिरवे पडून तुटले होते. चालकाने लगेच सुचविले की दांड्याची भानगडच नको, दोन तारा थेट जोडून टाकू. अशा थेट जोडलेल्या तारांचा शेवट मी अपघाताच्या दाव्यांतून वाचलेला आहे. परंतु माझ्या बोलण्याची गरज पडली नाही. मेस्त्री पक्कड खाली ठेवून म्हणाला की तसे करावयाचे असेल तर दुसरा माणूस बोलवा. मग त्याने कुजलेला भाग कापला, नवा तुकडा जोडला, सांध्यावर पाणी न शिरणारे वेष्टन चढविले आणि तार त्या धारेपासून दूर बांधली. दांडा पाडताच ‘टक्’ झाले. कलमाचा प्रश्नही त्याबरोबर निकालात निघाला : चार दिवसांत तांबे असे हिरवे होत नाही, हे यंत्राच्या मालकाला तुकडा दाखविल्यावर मान्य करावे लागले, आणि मेस्त्रीची मजुरी त्याने दिली.

जाण्यापूर्वी मेस्त्रीने पट्टे पाहिले. रोलरांच्या फटींत गाळ वाळून दगड झाला होता. असा गाळ साचला की पट्टा नको तितका ताणला जातो. सैल राहिला तर उतारावर वळताना निसटतो. रोज संध्याकाळी ते धुण्याचे काम त्याने चालकाला लावून दिले. पायरीवर बसून मुले तेही पाहत असत. मृगाच्या दोन दिवस आधी उताराची माती उचलली गेली, तेव्हा तळाशी कित्येक वर्षांनी चिऱ्यांची फरसबंदी उघडी पडली होती.