डॉक्टर व्हायचंय, पण आधी कुणाजवळ बसायचं?

लेकीची पहिली पीयूसी संपली आणि घरात एकच विषय सुरू झाला. तिला डॉक्टर व्हायचंय. नीटचे ७२० गुण भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे. समोर रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, यावर त्यात एकही प्रश्न नसतो. अमेरिकेत मेडिकलला अर्ज करण्याआधी मुलं डॉक्टरांसोबत राहून काम बघतात आणि प्रवेश देताना ते विचारातही घेतलं जातं. आपल्याकडे तशी अट नाही. पण इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, आणि खासगी जागा घ्यावी लागली तर शेतही पणाला लागायचं. त्याआधी पंधरा दिवस बघून घ्यावं, असं मी ठरवलं.

कुणाजवळ? भाऊजींचं हुबळीला हाडांचं मोठं हॉस्पिटल आहे आणि लेकीला ऑपरेशन बघायची हौस. पण नात्यातल्या डॉक्टरांकडे मूल पाहुणं होतं. चहा-बिस्किटं मिळतात, काम दिसत नाही. मी शहापुरातल्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांचं नाव काढलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अल्लेनैति? बरी नेगडी-ज्वर!" मला तर तेच हवं होतं. सर्दी-तापाच्या रांगेला कंटाळणाऱ्या मुलीनं मेडिकलला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांनी अटी घातल्या. मोबाइल बाहेर ठेवायचा. प्रत्येक पेशंटला आधी विचारायचं, तो नको म्हणाला तर उठून बाहेर जायचं. कशाला हात लावायचा नाही. आणि कोण आलं, कशासाठी आलं, ते घरी सांगायचं नाही. (ही शेवटची अट सासूबाईंना फार जड गेली!)

नावगाव वगळून एक प्रसंग पुढे डॉक्टरांनीच मला सांगितला. एक बाई आल्या, "भाळ सुस्त आगतैत्री." मराठीत सुस्त म्हणजे आळसावलेला, कन्नडात सुस्त म्हणजे थकवा. दोन्ही भाषा घरातल्याच, त्यामुळे लेकीला अर्थ कळला आणि ती खूश झाली. डॉक्टर मात्र त्या शब्दावर थांबले नाहीत. जिना चढताना दम लागतो का, झोप कशी लागते, पाळीत रक्त जास्त जातं का, असं एकेक विचारत गेले. मग खालची पापणी ओढून आतला रंग बघितला. तो फिकट होता, म्हणून रक्ततपासणी लिहून दिली. एवढ्या विचारण्यात दहा मिनिटं गेली आणि बाहेर रांग कुरकुरत होती.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती गप्पच घरी आली. जेवायलाही बसेना. एवढंच म्हणाली, "आई, शुगर असली की पायाची जाणीव जाते गं. खिळा रुतला तरी कळत नाही." आणखी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उद्या जाऊ नकोस, एवढं म्हटलं.

"ते साडेनऊला उघडतात," ती म्हणाली. "मला आठला उठव."